विमानतळावर इमिग्रेशनला एवढी रांग का लागते? समजून घ्या

कोरेगावहून मुंबई विमानतळ सुमारे २७० किलोमीटर. रात्री दोनचं दुबईचं विमान असेल तर घरातून दुपारीच गाडी काढावी लागते. खंबाटकीचा घाट, पुण्याचं ट्रॅफिक, एक्स्प्रेसवे असं सगळं पार करून माणूस टर्मिनल २ वर पोचतो. बॅगा जमा होतात, बोर्डिंग पास हातात येतो. आता सुटलो असं वाटतं, तेवढ्यात समोर इमिग्रेशनची रांग दिसते.

इमिग्रेशनला नक्की काय तपासतात?

पासपोर्ट खरा आहे का, व्हिसा आहे का, त्या व्यक्तीविरुद्ध लुकआउट सर्क्युलर निघालंय का, हे काउंटरवरचा अधिकारी बघतो. पासपोर्टवर ईसीआर शिक्का असेल आणि प्रवासी आखाती देशांसह ठरवून दिलेल्या १८ देशांपैकी कुठे नोकरीला निघाला असेल, तर परवानगी घेतली आहे का हेही तपासलं जातं. साधारणपणे दहावी पास नसलेल्यांचा पासपोर्ट ईसीआर असतो.

हे काम कुणाचं?

अनेकजण विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला दोष देतात. पण इमारत कंपनीची, सुरक्षा तपासणी सीआयएसएफची, सामानाची तपासणी कस्टम्सची आणि इमिग्रेशन केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ब्युरो ऑफ इमिग्रेशनचं. ब्युरोकडे स्वतःच्या कर्मचाऱ्यांसोबत इतर दलांतून प्रतिनियुक्तीवर आलेले लोकही असतात. म्हणजे कंपनीने नवे काउंटर बांधले तरी तिथे बसायला प्रशिक्षित अधिकारी गृह मंत्रालयाकडूनच यावे लागतात. ते नसतील तर काउंटर रिकामे राहतात.

मग रांग वाढते कशी?

साधा हिशोब करू. एका विमानात ३०० प्रवासी आणि प्रत्येकाला दीड मिनिट, म्हणजे ४५० मिनिटांचं काम. दहा काउंटर सुरू असतील तर ४५ मिनिटं लागतील, पाचच असतील तर दीड तास. मुंबईत तर मध्यरात्रीनंतर अशी अनेक विमानं जवळजवळ एकाच वेळी असतात. दिवसभर पुरणारे कर्मचारी त्या दोन-तीन तासांत कमी पडतात.

सरकारने काय केलं?

भारतीयांसाठी परत येतानाचा अर्ज मार्च २०१४ पासून आणि जातानाचा जुलै २०१७ पासून बंद झाला. २२ जून २०२४ ला दिल्लीत 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन' योजना सुरू झाली. १६ जानेवारी २०२५ ला ती मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. यात आधी ऑनलाइन अर्ज करायचा, पडताळणीनंतर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायची. मग ई-गेटवर बोर्डिंग पास आणि पासपोर्ट स्कॅन केला की काम झालं. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत संपेपर्यंत चालते, यातलं जे आधी असेल ते.

पण हा उपाय सगळ्यांसाठी नाही. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारे, ईसीआर पासपोर्टवाले कामगार यांची कागदपत्रं माणसानेच बघावी लागतात. त्यामुळे ई-गेट आले तरी अधिकाऱ्यांची गरज संपत नाही.

प्रवाशाने काय करावं?

- विमानाच्या किमान तीन तास आधी विमानतळावर पोचा. घाटात अडकण्याचा वेळ वेगळा धरा.
- चेक-इन झालं की थेट इमिग्रेशनला जा. खाणंपिणं आणि दुकानं त्यानंतर.
- पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं किंवा प्रवेशाचं पत्र हातात ठेवा, चेक-इन बॅगेत नको.
- 'डिजियात्रा' देशांतर्गत प्रवासासाठी आहे, इमिग्रेशनला ती चालत नाही.
- रांगेत असताना वेळ संपत आली तर गप्प उभे राहू नका, एअरलाइनच्या कर्मचाऱ्याला लगेच सांगा.

विमान सुटलं तर कारण रांग असली तरी एअरलाइन बहुतेक वेळा प्रवाशाला 'नो-शो' धरते. आणि घरच्यांनी पैसे जमवून काढलेलं तिकीट तिथेच वाया जाऊ शकतं.