अणुबाँब आणि युद्धसमाप्तीचा युक्तिवाद

हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अनुक्रमे ६ व ९ ऑगस्ट १९४५ रोजी टाकलेल्या अणुबाँबांचे समर्थन बहुधा एकाच विधानाने केले जाते: त्यांमुळे युद्ध लवकर संपले आणि गेलेल्या प्राणांहून वाचलेले प्राण अधिक होते. हा हिशेब केवळ अमेरिकन सैनिकांचा आहे, अशी आपल्याकडील विद्यार्थ्यांची समजूत असते. ती बरोबर नाही. मे १९४५ मध्ये रंगून परत घेतल्यानंतर मलायाच्या पश्चिम किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याची 'झिपर' नावाची योजना सिद्ध झाली होती. तीत २३ वी हिंदी डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. त्यांपैकी एका पलटणीने मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाकच्या लढाईत जपानी सैन्याचा जबर मारा सोसला होता. ९ सप्टेंबर १९४५ पासून मोरिब व पोर्ट डिक्सन येथे सैन्य उतरू लागले, तेव्हा जपान शरण आलेला होता. विरोध कोणी केला नाही, तरीही मोरिबच्या किनाऱ्यावर वाहने रुतून बसली. समोर लढणारा शत्रू असता, तर सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या किती घरांवर आकाश कोसळले असते, याची कल्पना करता येते. म्हणून प्राण वाचल्याचा युक्तिवाद तुच्छतेने बाजूस सारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो तपासूनच घेतला पाहिजे.

तपासणीत पहिला प्रश्न अपरिहार्यतेचा. येथे तारखांचा क्रम बोलका आहे. शरणागतीचे आवाहन करणारा पॉट्सडॅमचा जाहीरनामा २६ जुलैचा. बाँब टाकण्याचा लष्करी आदेश मात्र २५ जुलैचा. त्या आदेशात हिरोशिमा, कोकुरा, निइगाटा व नागासाकी ही चार नावे होती आणि पुढील बाँब तयार होतील तसतसे टाकावेत, असेही नमूद होते. म्हणजे दुसऱ्या शहराच्या संहारासाठी नव्याने विचार करण्याची गरजच ठेवलेली नव्हती. ११ तारखेचा बेत हवामानाच्या अंदाजामुळे ९ वर आणला गेला. कोकुरावर दृष्टी पोचेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. ज्या कृत्याचे समर्थन 'दुसरा मार्गच नव्हता' या शब्दांत करावयाचे, ते कृत्य ढगांच्या आवरणाने एका शहरावरून दुसऱ्यावर जावे, ही गोष्ट विचारात टाकणारी आहे. त्याच दिवशी सोव्हिएट सैन्य मांचुरियात घुसले होते. टोकियोत युद्धमंडळाची बैठक चालू असतानाच नागासाकीची वार्ता आली, आणि तीनंतरही मंडळातील सहा जणांत तीन विरुद्ध तीन अशी फूट कायम राहिली. सम्राटाने त्या रात्री कौल दिला, तो नेमक्या कोणत्या आघातामुळे, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. हिरोशिमाविषयी वाद संभवतो. नागासाकीच्या बाबतीत मात्र अपरिहार्यतेचा दावा टिकत नाही, असे माझे मत आहे. अध्यक्ष ट्रूमन यांनी आपल्या अनुमतीविना आणखी बाँब टाकू नये असे १० तारखेस ठरविले. त्यापूर्वी तेवढाही बंध नव्हता.

दुसरा प्रश्न हिशेबात कोणास धरावे हा. हिरोशिमात १९४५ च्या अखेरपर्यंत सुमारे १,४०,००० व नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे मृत्यू पावली, असे अंदाज आहेत. त्यांत बहुसंख्य नागरिक होते. जुलै १९४६ च्या आरंभी गांधीजी पुण्यात होते. तेथून लिहिलेला त्यांचा अणुबाँब व अहिंसा यांवरील लेख ७ जुलैच्या 'हरिजन'मध्ये प्रसिद्ध झाला. जपानच्या दुष्कृत्यांचा बचाव त्यांना करावयाचा नव्हता, आणि तसे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. परंतु एक पक्ष अधिक अपराधी आहे, एवढ्याने कमी अपराधी पक्षास एखाद्या प्रदेशातील स्त्रीपुरुष व मुले निर्दयपणे नष्ट करण्याचा अधिकार प्राप्त होत नाही, हे त्यांचे प्रतिपादन होते. या अस्त्राच्या धास्तीनेच जग अहिंसेकडे वळेल, असे त्यांचे काही अमेरिकन मित्र म्हणत. अतिभोजनाने आलेली किळस ओसरली की माणूस पुन्हा दुप्पट हव्यासाने ताटावर बसतो, तसेच हे होईल, असे गांधीजींनी त्यांस उत्तर दिले. १९४९ मध्ये सोव्हिएट स्फोट झाला, तेव्हा या उत्तरास अवघी तीन वर्षे झाली होती.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ८ जुलै १९९६ च्या सल्लागार मतात अशा अस्त्रांचा वापर सर्वसाधारणतः युद्धविषयक कायद्याविरुद्ध ठरेल, असे म्हटले. राष्ट्राचे अस्तित्वच धोक्यात असताना केलेल्या स्वसंरक्षणापुरता मात्र निर्णय देता येत नाही, असेही सांगितले. ऑगस्ट १९४५ मध्ये अमेरिकेचे अस्तित्व धोक्यात नव्हते. युद्ध लवकर आटोपणे हा निराळाच हेतू होय.

आता 'संपले' या शब्दाविषयी. ज्या ४९ व्या ब्रिगेडचे प्राण मलायात वाचले, ती २५ ऑक्टोबर १९४५ रोजी जावा बेटावरील सुराबाया बंदरात उतरली. जपानी सैन्यास निःशस्त्र करणे व कैद्यांची मुक्तता करणे हे तिचे जाहीर काम होते. परंतु इंडोनेशियाने १७ ऑगस्टलाच स्वातंत्र्य घोषित केले होते, आणि या सैन्यामागून डच सत्ता परत येणार हे तेथील जनतेने ओळखले होते. २८ ऑक्टोबरला शहरात विखुरलेल्या तुकड्यांवर हल्ले झाले. त्यांत मराठा पलटणींतील जवानही होते. ३० तारखेस ब्रिगेडियर मॅलबी ठार झाले. १० नोव्हेंबरला शहरावर नौदलाच्या तोफांचा व विमानांचा मारा सुरू झाला, आणि लढाई सुमारे तीन आठवडे चालली. दुसऱ्या एका परतंत्र राष्ट्राविरुद्ध हिंदी सैनिक वापरले जात आहेत, म्हणून इकडे काँग्रेस निषेध नोंदवीत होती.