परसातला दवणा



इतिहास म्हटला की राजे, किल्ले आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. मी सातवीपर्यंत शिकलेली. त्यांवर लिहिण्याचा माझा अधिकार नाही. परंतु परसातल्या एका लहानशा रोपालाही इतिहास असतो, तोच आज सांगते. ते रोप म्हणजे दवणा.

दवण्याचे पान बारीक चिरलेले, राखी रंगाचे व मऊ लवेचे. तो शेवंतीच्या कुळातला. फुले मात्र बारीक, पिवळी. वास साऱ्या झाडाला असतो आणि सुकल्यावरही टिकतो.

संस्कृतात त्याला दमनक म्हणतात. चैत्र शुद्ध द्वादशीला विष्णूला व चतुर्दशीला शंकराला दवणा वाहावा, असे जुने शास्त्र आहे. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याने तेराव्या शतकात व्रतांचा मोठा ग्रंथ केला. त्यात दमनकाचे व्रत आहे. कन्नडचा घाट चढून गेले की देवगिरीचा मुलूख लागतो आणि पाटणादेवीच्या देवळाला आपण या हेमाद्रीच्या नावानेच हेमाडपंती म्हणतो. तेव्हा ही गोष्ट काही दूरची नव्हे. पुढे इ. स. १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी धर्मसिंधु लिहिला. त्यातही चैत्रातला दमनोत्सव आहे. आजही कोल्हापूरकडे जोतिबाच्या डोंगरावर चैत्री पौर्णिमेस गुलालाबरोबर दवणा वाहतात. दक्षिणेत तर त्याची शेती होते आणि त्याचे तेल अत्तरासाठी परदेशी जाते.

या विधीत एक गोष्ट मला फार आवडते. आदल्या दिवशी दवण्याच्या रोपापाशी जाऊन त्याची पूजा करायची व उद्या देवाकडे ये, असे आमंत्रण द्यायचे. म्हणजे रोप घराजवळ हवे. ते कोणी वाढविले, पाणी कोणी घातले, हे पोथीत नाही. ते काम घरच्या बायकांच्याच वाट्याला येत असणार, असे मला वाटते.

आमच्या घरी ते सासूबाई करीत. दिवाळी झाली की काळ्या मातीत वाळू व शेणखत मिसळून त्या उंच वाफा करीत, कारण नुसत्या काळ्या मातीत पाणी साचून मूळ कुजते. बी धुळीसारखे बारीक. ते राखेत कालवून फेकायचे, वर मातीचा थर द्यायचा नाही, पाणी हातानेच शिंपडायचे. दीड-दोन महिन्यांनी रोपे वीतभर अंतरावर लावायची. माघ-फाल्गुनात फुले येत. चार झाडे बियांसाठी राखून ठेवीत. "बी जुनं व्हयनं ते उगत नही, माय," असे त्या दरवर्षी बजावीत.

त्या गेल्यानंतर एका वर्षी आम्ही अंगणात फरशी घातली. त्या गडबडीत पेरणी राहिली. डबीत बी आहे, पुढल्या वर्षी पेरू, असे मी मनाशी म्हटले. पुढल्या वर्षी पेरले; एकही रोप उगवले नाही. कितीतरी वर्षे हातोहात चालत आलेले बी माझ्या एका वर्षाच्या आळसाने संपले. त्या दिवशी रिकाम्या वाफ्यापाशी बसून मला रडू आले.

पुढे पुरंदर भागातल्या नणंदेने बी पाठविले. आता फरशीच्या कडेला दोन कुंड्यांत दवणा आहे. वास तोच आहे; पण सासूबाईंचे बी ते नव्हे, हे मला ठाऊक आहे.

असो. दगडाचे देऊळ शेकडो वर्षे उभे राहते. दवण्याचा इतिहास दरवर्षी नव्याने पेरावा लागतो. म्हणून यंदा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीची डाळ व पन्ह्याबरोबर मी प्रत्येकीला बियांची एक पुडी देणार आहे. ती डबीत ठेवू नका, दिवाळीनंतर पेरा. एकीचे बी गेले तर दुसरीकडे राहील. मंडळ कशासाठी असते, तर यासाठीच, असे मला वाटते.