खासगी शिकवणी आणि दुहेरीचा खेळ

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात बॅडमिंटन शिकणाऱ्या मुलाच्या पालकांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. मुलाला दुहेरीत प्रावीण्य मिळवायचे असेल, तर सामुदायिक सरावाखेरीज स्वतंत्र प्रशिक्षकाची खासगी शिकवणी लावावी काय? प्रश्न व्यवहाराचा व खर्चाचा असला, तरी त्याचे उत्तर या खेळाच्या इतिहासात शोधणे उचित ठरेल.

एकेरी हा मूळ खेळ व दुहेरी हा त्याचा विस्तार, असा सर्वसाधारण समज आहे. स्पर्धांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. ‘पूना’ हे त्याचे एक जुने नावच होय. पुढे १८९९ साली इंग्लंडात पहिली ऑल इंग्लंड स्पर्धा भरली, तीत केवळ दुहेरीचे सामने झाले. एकेरीला प्रवेश मिळाला तो १९०० मध्ये. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर यांनी राष्ट्रीय स्पर्धेत एकेरीची ६ व दुहेरीचीही ६ अजिंक्यपदे मिळविली. एकच खेळाडू दोन्ही प्रकारांत अग्रेसर असण्याचा तो काळ होता. दुहेरीचा स्वतंत्र तज्ज्ञ आणि त्याचे स्वतंत्र शिक्षण या गोष्टी उत्तरकालीन होत.

या शिक्षणाचे दोन भाग पडतात. पहिला भाग फटक्यांचा. दुहेरीत सर्व्हिसची मागील मर्यादा शेवटच्या रेषेच्या ७६ सेंटिमीटर आत असते. त्यामुळे उंच सर्व्हिस धोक्याची ठरते व जाळ्यालगतची आखूड सर्व्हिस साधावी लागते. २००६ मध्ये प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत आल्यापासून सर्व्हिसमधील चुकीची किंमत थेट गुणाने मोजावी लागते. अशी सर्व्हिस, तिचा परतावा, सपाट वेगवान फटके आणि स्मॅशचा बचाव ही अंगे एकट्या विद्यार्थ्याकडून घोटवून घेता येतात. येथे खासगी शिकवणी निःसंशय उपकारक आहे.

दुसरा भाग परस्परसंबंधाचा. आक्रमणात जोडीने पुढे-मागे उभे राहावे, बचावात शेजारी-शेजारी यावे, आणि हा पालट न बोलता घडावा, हे दुहेरीचे मर्म. व्याकरण एकट्याने शिकता येते, संभाषण मात्र दुसऱ्यावाचून शिकता येत नाही. तसेच हे आहे.

मुंबईच्या चिराग शेट्टी यांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी त्यांची जोडी आंध्र प्रदेशातील अमलापुरमच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांच्याशी जमविली. दोघेही मूलतः मागून प्रहार करणारे. तेव्हा जाळ्याजवळ उभे राहावयाचे कोणी? एकेकाचा फटका कितीही सुधारला असता, तरी एवढ्याने हा पेच सुटणारा नव्हता. तो सहवासाने व एकत्र सरावाने सुटला. २०२२ मध्ये बँकॉक येथे थॉमस चषकाच्या अंतिम सामन्यात या जोडीने इंडोनेशियाच्या जोडीला १८-२१, २३-२१, २१-१९ असे नमविले आणि भारताने तो चषक प्रथमच जिंकला. २०२३ मध्ये त्यांनी आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्णपदकही मिळविले. या यशामागे प्रशिक्षक होताच. परंतु त्याने शिकविले ते दोघांना मिळून.

तात्पर्य, खासगी शिकवणी निषिद्ध नव्हे, अपुरी आहे. पैसा व वेळ मर्यादित असलेल्या कुटुंबाने प्रथम नियमित जोडीदार व समोर खेळणारी दुसरी जोडी यांची तजवीज करावी, आणि शिकवणी लावल्यास दोघांची मिळून लावावी. खर्चही त्यामुळे विभागला जातो. एकट्याच्या शिकवणीत तयार झालेला मुलगा उत्तम फटके मारील. परंतु जोडीदाराने रिकामी केलेली जागा त्याला दिसेलच, असे नाही. दुहेरीतील पुष्कळसे गुण त्याच जागेत हरवतात.