'फंडामेंटलिस्ट' : एका स्वीकृत बिरुदाचा इतिहास

'फंडामेंटलिस्ट' हा इंग्रजी शब्द मराठीत 'मूलतत्त्ववादी' या प्रतिशब्दाने रूढ झाला असून तो बहुधा निंदाव्यंजक अर्थानेच योजला जातो. तथापि तो विरोधकांनी दिलेला दूषणवाचक शब्द नव्हता. एका पक्षाने स्वतःहून धारण केलेले ते बिरुद होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलची ऐतिहासिक चिकित्सा आणि डार्विनचा उत्क्रांतिवाद यांमुळे अमेरिकेतील प्रॉटेस्टंट पंथांत उदारमतवादी व परंपरानिष्ठ असे दोन तट पडले. परंपरानिष्ठांच्या बाजूने १९१० ते १९१५ या काळात 'द फंडामेंटल्स' ही १२ खंडांची लेखमाला निघाली. तिचा खर्च कॅलिफोर्नियातील तेलउद्योजक लायमन स्टुअर्ट व त्यांचे बंधू मिल्टन यांनी उचलला आणि सुमारे ३० लाख प्रती धर्मोपदेशक व मिशनरी यांना विनामूल्य पाठविण्यात आल्या. बायबलचे प्रामाण्य, येशूचा कुमारिकेच्या पोटी झालेला जन्म, त्याचे पुनरुत्थान हे तिचे प्रमुख विषय होत. लेखकांपैकी जेम्स ऑर यांनी उत्क्रांतीची कल्पना सर्वस्वी नाकारली नव्हती, हे आज अनेकांना आश्चर्याचे वाटेल.

प्रत्यक्ष शब्द घडविला तो 'वॉचमन-एक्झॅमिनर' या बॅप्टिस्ट नियतकालिकाचे संपादक कर्टिस ली लॉज यांनी, १९२० मध्ये. मूलभूत तत्त्वांसाठी झुंजावयास सिद्ध असणारा, असा त्यांचा अभिप्रेत अर्थ होता. 'पुराणमतवादी' हे नाव त्यांना पसंत नव्हते.

या अर्थास पहिला मोठा धक्का १९२५ मध्ये बसला. टेनेसी राज्यातील डेटन येथे उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला व त्यास १०० डॉलर दंड झाला. खटला जिंकूनही वृत्तपत्रांच्या उपहासामुळे हा पक्ष अडाणी ठरला, आणि बिरुदाचे दूषण झाले.

१९७९ च्या इराणी क्रांतीनंतर हा शब्द इस्लामला सर्रास लावण्यात येऊ लागला, पुढे अन्य धर्मांनाही. येथे खरी अडचण उद्भवते. कुराण हे शब्दशः ईश्वरी वचन होय, ही इस्लाममधील सर्वसाधारण श्रद्धा आहे. त्यामुळे ग्रंथप्रामाण्याच्या कसोटीने तेथे एखादा पक्ष वेगळा काढता येत नाही. हिंदू धर्मात तर सर्वमान्य असा एकच ग्रंथ नाही. मराठीतील 'कर्मठ' आणि 'सोवळा' हे शब्द आचाराच्या काटेकोरपणाचे निदर्शक आहेत. लॉज यांच्या शब्दाचा रोख मात्र सिद्धान्तावर होता. 'मूलतत्त्ववादी' या एकाच प्रतिशब्दाखाली हे दोन्ही अर्थ, आणि त्यांच्या जोडीला राजकीय हिंसाचारही, एकत्र कोंबला जातो.