माँटेगो बे : सुरक्षा कोणाची?

जमैकाच्या वायव्य किनाऱ्यावर माँटेगो बे हे शहर आहे. तिथल्या सॅम शार्प चौकात एक लहानशी जुनी इमारत उभी आहे, माथ्यावर घंटेचा मनोरा असलेली. लोक तिला ‘केज’ म्हणतात, म्हणजे पिंजरा. ही इमारत १८०६ मधली. मळ्यांवरून पळालेले गुलाम, रस्त्यावर भटकताना सापडलेले गुलाम आणि किनाऱ्यावर उतरून धिंगाणा घालणारे खलाशी इथे कोंडले जात. मी बोटीवरचा माणूस आणि माझा पेशा पहाऱ्याचा, त्यामुळे या शहराचा इतिहास मी याच इमारतीपासून वाचायला घेतला.

माझे गाव दापोली तालुक्यात, हर्णैजवळ. नौदलातून निवृत्त झालो आणि क्रूझ जहाजावर सिक्युरिटीत लागलो. उतरणाऱ्याचे कार्ड मशीनला लावायचे, पडद्यावरचा फोटो चेहऱ्याशी जुळवायचा, परतणाऱ्याची बॅग एक्स-रेतून काढायची, दारूची बाटली किंवा सुरा सापडला तर पावती देऊन काढून ठेवायचा, असे ते काम. १ जुलै २००४ पासून आयएसपीएस ही आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहिता लागू झाली. तेव्हापासून जहाज आणि बंदर या दोघांचीही सुरक्षेची पातळी ठरलेली असते: एक, दोन किंवा तीन. माँटेगो बेच्या फ्रीपोर्ट धक्क्याला लागलो की पॅसेंजर गँगवेवर हमखास विचारत, इथे सेफ आहे ना? मी सांगायचो, सोन्याची साखळी केबिनमध्येच ठेवा, लाल नंबरप्लेटची परवानाधारक टॅक्सी घ्या, बसण्याआधी भाडे ठरवा, गांजा विकायला कोणी आलाच तर शांतपणे नाही म्हणा आणि पुढे चला. हा सल्ला योग्य होता. आजही कोणी जात असेल तर मी हेच सांगेन.

पण या सल्ल्यात गावातला माणूस फक्त धोका म्हणून येतो. त्याला स्वतःला कोणता धोका आहे, हे त्यात कुठेच नसते. माँटेगो बेचा इतिहास पाहिला तर दोनशे वर्षे तिथली सुरक्षा अशीच आखली गेलेली दिसते.

चौकाला ज्याचे नाव आहे तो सॅम्युअल शार्प बॅप्टिस्ट चर्चमध्ये उपदेश करणारा गुलाम होता. १८३१ च्या नाताळानंतर मजुरी मिळाल्याशिवाय ऊस तोडायचा नाही, असे त्याने आपल्या लोकांना पटवले. २७ डिसेंबरच्या रात्री केन्सिंग्टन मळ्यात आग लागली आणि संपाचे बंड झाले. बंडात चौदा गोरे मेले. बंड मोडताना दोनशेच्या वर गुलाम मारले गेले आणि त्यानंतरच्या खटल्यांत आणखी तीनशेच्या वर लोकांना मृत्युदंड झाला. २३ मे १८३२ रोजी शार्पला याच शहराच्या बाजारात जाहीर फाशी दिली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. मळेवाल्यांच्या हिशेबात ती फाशी म्हणजे शांतता आणि सुव्यवस्था होती.

साखरेचे दिवस ओसरले आणि समुद्राच्या पाण्याला भाव आला. १९०६ मध्ये डॉ. अलेक्झांडर मॅकॅटी यांनी आपली किनाऱ्यावरची जागा समुद्रस्नानाच्या क्लबला दिली. तिथे एका गुहेतून वाळूवर उतरावे लागे, म्हणून नाव पडले डॉक्टर्स केव्ह. १९२० च्या दशकात इंग्लंडचे हाडवैद्य सर हर्बर्ट बार्कर यांनी या पाण्याच्या गुणांचा गाजावाजा केला आणि श्रीमंत गोरे हिवाळा काढायला येऊ लागले. १९३२ च्या वादळात गुहा कोसळली, क्लब राहिला. १९४७ मध्ये विमानतळ सुरू झाला. १९५३ मध्ये राउंड हिल आणि १९५४ मध्ये हाफ मून ही बडी हॉटेले उघडली. त्या काळी काळ्या जमैकनांना आपल्याच देशातल्या उंची हॉटेलांत मज्जाव होता. कुठे तशी पाटी नसली, तरी कुठे जायचे नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. १९४८ मध्ये एव्हन ब्लेक या पत्रकाराने किंग्स्टनच्या मर्टल बँक हॉटेलच्या तलावात सरळ उडी मारली, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली.

मग १९५६ चा बीच कंट्रोल कायदा आला. किनाऱ्याच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्याचे हक्क त्याने ब्रिटिश राजसत्तेकडे दिले आणि किनारा वापरायला परवाना लागू लागला. आधीपासून तिथून मासेमारी करणाऱ्यांचे हक्क राखले गेले. पण सामान्य माणसाला समुद्रावर जाण्याचा, पोहण्याचा सरसकट हक्क कायद्याने दिला नाही. हे वाचून मी अस्वस्थ झालो. आमच्या हर्णैला बोटी लागल्या की वाळूवरच मासळीचा लिलाव होतो. तिथे उभे राहायला कोणाची परवानगी काढावी लागेल, अशी कल्पनाही मी कधी केली नव्हती. जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, कायदा मात्र तसाच राहिला.

स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण व्हायच्या आतच अशाच मज्जावाची झळ कोरल गार्डन्सला बसली. शहराच्या पूर्वेला रोझ हॉलची जुनी मळ्याची जमीन आहे आणि तेव्हा त्या पट्ट्यात पर्यटनाचे बेत आखले जात होते. तिथे राहणाऱ्या, शेती करणाऱ्या रास्ताफारी पंथाच्या जटाधारी लोकांना त्या जमिनीवरून जाऊ दिले जात नव्हते आणि त्यावरून पोलिसांशी वारंवार खटके उडत होते. या लोकांच्या उपासनेत गांजा असतो. गांजा ओढण्याची रीत त्या बेटावर आणली ती १८४५ पासून तिथे गेलेल्या भारतीय गिरमिटियांनी, म्हणजे आपल्याच देशातल्या मजुरांनी. ११ एप्रिल १९६३ रोजी काही रास्ताफारींनी कोरल गार्डन्सचा पेट्रोल पंप पेटवला. त्या दिवशीच्या हाणामारीत एकूण आठ जण मेले, त्यांत पोलिसही होते. तो गुन्हा होता आणि गुन्हेगारांना शिक्षा व्हायलाच हवी होती. पण दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेला, ज्याच्या डोक्यावर जटा त्याला पकडायचे असे सुरू झाले. ज्यांचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता त्यांना मारहाण झाली, कोठडीत टाकले गेले, त्यांच्या जटा आणि दाढ्या कापल्या गेल्या. रास्ताफारी त्या दिवसाला ‘बॅड फ्रायडे’ म्हणतात. पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी संसदेत माफी मागितली ती २०१७ मध्ये, चोपन्न वर्षांनी. पहाऱ्यात उमेद घालवलेला माणूस म्हणून मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. संशय एका माणसावरून सबंध समाजावर गेला की तिथे बंदोबस्त संपतो आणि जुलूम सुरू होतो.

१९७० च्या दशकात जमैकाचे राजकारण बंदुकीवर गेले. १९७४ मध्ये खास गन कोर्ट स्थापन झाले, जून १९७६ मध्ये मायकेल मॅनली यांच्या सरकारने आणीबाणी लावली आणि १९८० ची निवडणूक शेकडो खुनांमध्ये पार पडली. यातली बहुतेक हिंसा किंग्स्टनच्या वस्त्यांतली, किनाऱ्यावरच्या हॉटेलांपासून दूरची. तरी पाहुणे घटले. त्यावर हॉटेलवाल्यांनी काढलेला तोडगा आज जगभर चालतो. १९८१ मध्ये गॉर्डन ‘बुच’ स्ट्युअर्ट यांनी माँटेगो बेचे बे रॉक हॉटेल घेऊन सँडल्स सुरू केले. जेवण, दारू, खेळ, संगीत, सगळ्याचे पैसे एकदाच घ्यायचे आणि पाहुण्याला दाराबाहेर पडायची गरजच ठेवायची नाही. या पद्धतीला ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणतात. जमैकात तिचे प्रयोग आधी झाले होते, सँडल्सने ती घरोघरी पोचवली. यातून हजारोंना नोकऱ्या मिळाल्या, हे मी मानतो. पण पाहुणा बाहेर पडेनासा झाला तसे बाहेरच्या खानावळी, कोरीवकाम विकणारे, टॅक्सीवाले उपाशी राहिले. मग जो एखादा पाहुणा रस्त्यावर दिसे त्याच्याभोवती विक्रेत्यांचा गराडा पडू लागला. त्या गराड्याची तक्रार झाली की हॉटेलाची भिंत आणखी उंच.

सँडल्स विमानतळाच्या धावपट्टीच्या समुद्राकडच्या बाजूला आहे. धावपट्टीच्या दुसऱ्या अंगाला फ्लँकर ही कामगारवस्ती आहे. हॉटेलांत खोल्या झाडणारे, स्वयंपाक करणारे, बागा राखणारे कित्येक जण फ्लँकरसारख्याच वस्त्यांत राहतात. २००३ मध्ये इथे पोलिसांच्या गोळ्यांनी दोन वृद्ध मेले, लोकांनी संतापून रस्ते अडवले आणि तेव्हा पाहुण्यांच्या जगाला या वस्तीचे नाव कळले. त्यानंतर फ्लँकरमध्ये शांतता आणि न्यायासाठी केंद्र उभे राहिले. तंटे बंदुकीपर्यंत जाण्याआधी मिटवायचे, हे त्याचे काम.

याच वर्षांत शहरात लॉटरीची फसवणूक माजली. अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करायचा, तुम्हाला मोठे बक्षीस लागले आहे, आधी कर भरा असे सांगायचे आणि पैसे मागवायचे. ज्या याद्यांवर हे नंबर असत त्यांना ‘लीड’ म्हणतात आणि या याद्यांसाठी माणसे मारली जाऊ लागली. २०१३ मध्ये याविरुद्ध खास कायदा झाला, तोवर त्या पैशाने टोळ्यांकडे बंदुका आल्या होत्या. २०१७ मध्ये माँटेगो बे ज्या सेंट जेम्स परगण्यात येते तिथे ३३५ खून झाले. परगण्याची वस्ती दोन लाखांच्या आत. त्याच वर्षी देशात चाळीस लाखांहून अधिक पर्यटक आले आणि त्यांतले बहुसंख्य सुखरूप घरी गेले.

आमच्या जहाजावर केबिन स्टुअर्ड म्हणून फ्लँकरचा एक तरुण होता. जहाज त्याच्याच शहरात लागे, पण त्या काळात त्याची आई त्याला घरी येऊ देत नसे. ती स्वतः बंदराच्या फाटकापर्यंत यायची, डब्यात भात-राजमा आणायची आणि दोघे तिथेच बसून बोलायचे. मी त्या दिवशी हजारो परक्या माणसांना गावात पाठवत होतो, आणि गावातल्या मुलाला घरी जाणे धोक्याचे होते.

१८ जानेवारी २०१८ ला होलनेस सरकारने सेंट जेम्समध्ये आणीबाणी जाहीर केली. नाक्यानाक्यावर सैनिक उभे राहिले. ब्रिटनने आपल्या पर्यटकांना रिसॉर्टबाहेर फिरणे मर्यादित ठेवा, असा सल्ला दिला. वर्षभरात खुनांचा आकडा शंभराच्या आसपास उतरला. जी माणसे त्यामुळे वाचली त्यांचे मोल मी कमी लेखणार नाही. पण शेकडो तरुणांना आरोप न ठेवता डांबले गेले, आणि २०२० मध्ये न्यायालयाने अशा पाच जणांची स्थानबद्धता बेकायदा ठरवली. कोरल गार्डन्सचा धडा राज्यकर्त्यांनी माफी मागूनही पुरता घेतला नव्हता.

पर्यटकाला लुटारूपासून जपले पाहिजे, यात शंका नाही. ते काम मी मनापासून केले. पण ज्या गावाने पाहुण्याला जपायचे, त्या गावाची मुले रात्री सुरक्षित घरी पोचतात का, हा आकडा सुरक्षेच्या कोष्टकात सर्वांत वर असला पाहिजे. फ्लँकरच्या तंटे मिटवणाऱ्या केंद्राला भिंती आणि चेकपोस्टइतकेच पैसे आणि मान मिळाला पाहिजे. किनारा गावाचा राहिला पाहिजे, कारण माँटेगो बेत लोकांना आधी वाळूवरून हटवले गेले आणि बाकीची कुंपणे त्यानंतर आली.

आता आमच्या कोकणातही वाळूला लागून रिसॉर्ट उठत आहेत आणि त्यांचे मी स्वागत करतो, आमच्या पोरांना घराजवळ काम मिळेल. फक्त ग्रामसभांना माझे कळकळीचे सांगणे आहे. परवानगीच्या कागदावर सही करण्याआधी गावाची समुद्रावर जायची वाट नकाशावर आखून घ्या आणि ती कायमची खुली राहील असे लेखी घ्या. नोकऱ्या, दुकाने, गाड्या यांत गावाचा वाटा किती, तेही त्याच कागदावर येऊ द्या. हे आधी झाले तर पाहुण्याच्या रक्षणासाठी वेगळी भिंत बांधावी लागणार नाही. गावच त्याला राखील.