रजनी (कादंबरी)

'रजनी' ही बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांची बंगाली कादंबरी आहे. जन्मांध फुलवालीचे प्रेम हा तिचा विषय. ती प्रथम बंकिमचंद्रांच्याच 'बंगदर्शन' मासिकात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८७७ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुस्तक करताना लेखकाने तीत इतके फेरफार केले, की ती जवळजवळ नवीच कृती ठरली.

== प्रेरणा व निवेदनपद्धती ==
बुल्वर-लिटन यांच्या 'द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई' (१८३४) या कादंबरीतील निडिया या अंध फुलवालीवरून रजनी सुचली आणि पात्रांनीच आपापली कथा सांगण्याची रीत विल्की कॉलिन्सच्या 'द वुमन इन व्हाइट'वरून घेतली, हे बंकिमचंद्रांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले आहे. मात्र निडियाच्या वाट्याला विफल प्रेम येते. रजनीचे तसे होत नाही. पाच खंडांपैकी पहिला रजनीच्या तोंडी आहे. तीत रूपवर्णन येऊच शकत नाही. आवाज, स्पर्श आणि फुलांचा गंध यांतूनच तिचे जग उभे राहते. कादंबरीचा हा सर्वांत सरस भाग होय.

== कथानक ==
रजनी कोलकात्यातील रामसदय मित्र यांच्या घरी फुले देत असे. तेथे त्यांचा मुलगा शचींद्र याने तिचे डोळे तपासले. त्याच्या आवाजाने व स्पर्शाने ती त्याच्यावर अनुरक्त झाली. रामसदयांची तरुण द्वितीय पत्नी लवंगलता हिने सद्भावनेनेच तिचे लग्न गोपाल नावाच्या विवाहित पुरुषाशी ठरवले. आंधळ्या मुलीला नवरा मिळतो आहे हेच पुष्कळ, असे सर्वांनी गृहीत धरले. तिची इच्छा कोणी विचारली नाही. ती घर सोडते, फसवली जाते आणि गंगेत जीव देऊ पाहते. पुढे अमरनाथ तिला एका नराधमापासून वाचवतो. मित्र घराणे उपभोगत असलेल्या संपत्तीची खरी वारस रजनीच आहे, हेही तोच शोधून काढतो.

अमरनाथाने तारुण्यात लवंगलतेच्या शयनगृहात शिरण्याचे दुःसाहस केले होते. तिने त्याच्या पाठीवर 'चोर' हे अक्षर डागले होते. त्या कलंकानंतर भटकंतीत आयुष्य घालवलेल्या या पुरुषाला रजनीशी विवाह करून संसार मांडावासा वाटतो. परंतु शचींद्र व रजनी यांचे प्रेम कळल्यावर तो बाजूला होतो.

== मूल्यमापन ==
शचींद्राच्या मनात प्रेम जागते ते एका संन्याशाच्या प्रभावाने, आणि अखेर रजनीला दृष्टीही त्याच्याच उपचाराने लाभते. हा अलौकिकाचा आधार कथेला दुबळा करतो. ज्या स्त्रीचे अंतर्जीवन दृष्टीवाचून इतके समृद्ध दाखवले, तिच्या सुखासाठी डोळे आवश्यक का ठरावेत, हा प्रश्न आजच्या वाचकाला पडतो. अमरनाथ मात्र शेवटपर्यंत खरा वाटतो. रजनी आपल्या मुलाचे नाव अमरप्रसाद ठेवते.