भोपळा, घोंगडी आणि रबर : पोहणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्याचा इतिहास

आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतले दोघं-तिघं हसले, ते मी पाहिलं. हसणं बरोबरच आहे. आपला धाराशिव जिल्हा. उन्हाळ्यात गावंच्या गावं टँकरची वाट बघतात, समुद्र चारशे किलोमीटर लांब, आणि इथं तत्त्वज्ञानाचा एक निवृत्त मास्तर थंड समुद्रात पोहायच्या सुटावर बोलणार! पण हा विषय मी शोधलेला नाही. तो मला फोनवरून आला.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, आता स्वतः शाळेत शिक्षक. त्याच्या मुलाला ट्रायथलॉनचा नाद लागला. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं, एकापाठोपाठ एक. पोरगा युरोपातल्या एका स्पर्धेला गेला. पाणी थंड, म्हणून अंगात वेटसूट. तीन-चारशे मीटर गेला असेल, छाती आवळल्यासारखी झाली, श्वास पुरेना. हात वर केला आणि बचाव पथकानं त्याला होडीत घेतलं. वर्षभराची तयारी, रजा, साठवलेला पैसा, सगळं तिथंच संपलं. बाप म्हणतो, सूटच चुकीचा होता. पोरगा म्हणतो, नाही, माझ्यातच दम नव्हता. तेव्हापासून त्यानं पाण्यात पाय टाकलेला नाही. बापानं मला विचारलं, "सर, तुम्हीच सांगा. चूक कपड्याची का माणसाची?"

प्रश्न साधा वाटतो. पण पोहण्याच्या इतिहासात दीडशे वर्षं हाच वाद चाललेला आहे.

आधी आपल्या विहिरीपासून सुरुवात करू. मी पोहायला शिकलो ते मामाच्या गावी, पाठीला वाळके भोपळे बांधून. तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना हे सांगायला नको. कुणाला भोपळा, कुणाला पत्र्याचा डबा, पुढच्या पिढीला ट्रॅक्टरची ट्यूब. मामा आधी दोन भोपळे बांधायचा, मग एक, मग त्याहून लहान. एक दिवस विहिरीवर गेलो तर मामा म्हणाला, "अरे, भोपळा घरीच विसरला. असू दे, मार उडी." तो विसरला नव्हता, हे मला वीस वर्षांनी कळलं.

आपल्या भाषेत यासाठी जुना शब्द आहे, सांगड. भोपळे, लाकडं किंवा होड्या एकमेकांना बांधून केलेलं तरंगतं साधन म्हणजे सांगड. आपण 'सांगड घालणे' म्हणतो ते यातूनच आलं. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता विहिरीतून एकदम इंग्लंडला जाऊ, कारण वादाला तोंड तिथं फुटलं. साल १८७५. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली इंग्लिश खाडी, अगदी अरुंद ठिकाणी साधारण ३३-३४ किलोमीटर. त्या वर्षी मे महिन्यात पॉल बॉयटन नावाच्या माणसानं ही खाडी ओलांडली. अंगात रबराचा सूट, त्यात हवेचे कप्पे, फुगवले की माणूस उताणा तरंगतो. हातात वल्हं. जवळपास चोवीस तास लागले. त्याचं कौतुकही झालं. मग ऑगस्टमध्ये मॅथ्यू वेब हा जहाजावरचा कॅप्टन डोव्हरहून निघाला. अंगाला पॉरपॉइज या समुद्री प्राण्याचं तेल चोळलेलं. बाकी साधन काही नाही. २१ तास ४५ मिनिटांनी तो फ्रान्सच्या किनाऱ्याला लागला.

आता मला सांगा, आधी कोण पोचलं? बॉयटन. आणि इतिहासात पहिला म्हणून नाव कुणाचं? वेबचं. तीन महिने आधी पोचलेला माणूस यादीत नाही. लोकांनी ठरवलं, बॉयटन 'गेला', वेब 'पोहला'. हा निर्णय कुठल्या कोर्टानं दिला नाही, लोकांच्या मनानं दिला. पुढे त्याचा नियम झाला. आजही खाडी पोहणाऱ्याला साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, चष्मा आणि अंगाला चोळायचं ग्रीस, एवढीच परवानगी असते. ऊब देणारा किंवा तरंगवणारा कपडा चालत नाही. सोबतच्या होडीला हातही लावायचा नाही. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ली ही खाडी पोहणारी पहिली स्त्री ठरली, ती ग्रीस थापूनच. १९५८ साली मिहिर सेन, १९५९ साली आरती साहा, आपली भारतीय माणसं, याच नियमानं पोहली. आणि आपल्या पुण्याचा रोहन मोरे! जगातल्या सात अवघड समुद्रमार्गांची एक मालिका आहे, तिला ओशन्स सेव्हन म्हणतात. न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी फेब्रुवारी २०१८ मध्ये पार करून त्यानं ती पुरी केली. असं करणारा तो पहिला आशियाई. वेटसूट न घालता.

मग तुम्ही म्हणाल, झालं तर. सूट म्हणजे लबाडी. थांबा. अर्धा इतिहास अजून बाकी आहे.

पाणी शरीराची उष्णता हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगानं ओढून घेतं. म्हणून २० अंशांची हवा आपल्याला सुखाची वाटते, आणि २० अंशांच्या पाण्यात थोड्या वेळानं दात वाजायला लागतात. १९५०च्या सुमाराला अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांपुढे हीच अडचण होती. तोवर प्रयत्न असा होता की पाणी आत येऊच द्यायचं नाही. कोरडा सूट. तो कुठं जरा फाटला की संपलं. ह्यू ब्रॅडनर नावाचा भौतिकशास्त्रज्ञ, अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पावर काम केलेला, त्यानं १९५१-५२ मध्ये हा प्रश्न उलटा केला. ऊब राहण्यासाठी माणूस कोरडा असायलाच हवा का? त्यानं ओळखलं की ऊब टिकते ती कापडात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे. आत थोडं पाणी आलं तर येऊ दे. निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० साली तयार झालं होतं. त्याचा फेस करून, बुडबुडे बंदिस्त करून सूट शिवला. आतून ओला, म्हणून वेटसूट.

आपल्याला हे नवं नाही बरं का. घोंगडी बघा. भिजलेली घोंगडीही थोडी ऊब देते, आणि कोरडी घोंगडी गरम असते ती लोकरीच्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. आपल्या धनगराला हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. ब्रॅडनरनं ते रबरात केलं. त्याचं पेटंट काही त्याच्या नावावर झालं नाही, पुढं धंदा दुसऱ्यांनी केला.

पण बुडबुडे नुसती ऊब देत नाहीत, ते तरंगवतात. म्हणजे घोंगडी विणता विणता भोपळाही तयार झाला! इथं जुना वाद पुन्हा उभा राहतो. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा पाणी उबदार होतं, सुटाची गरज नव्हती. खेळ थंड पाण्यात पसरला आणि १९८७ मध्ये डॅन एम्फील्ड यानं खास ट्रायथलॉनसाठी सूट काढला. खांद्याला लवचिक, बाहेरून गुळगुळीत. तेव्हा कळलं की यात माणूस नुसता उबदार राहत नाही, वेगानंही जातो, कारण पाय आपोआप वर राहतात.

मग नियम आले. लांब पल्ल्याच्या जागतिक पोहण्याच्या स्पर्धांत पाणी १८ अंशांखाली असेल तर वेटसूट सक्तीचा, १८ ते २० मध्ये ऐच्छिक, त्यावर बंदी. आयर्नमॅनमध्ये हौशी स्पर्धकाला २४.५ अंशांपर्यंत मोकळीक. त्यापुढे २८.८ पर्यंत घालता येतो, पण बक्षीस नाही. त्याच्यावर मनाई. जाडी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको. गंमत बघा, कपडा तोच, माणूस तोच. सकाळी थर्मामीटर काय म्हणतो त्यावर तो कपडा कर्तव्य ठरतो, सवलत ठरतो किंवा गुन्हा ठरतो. तलावातल्या स्पर्धांत असंच झालं. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनच्या सुटांमुळे ४३ विश्वविक्रम मोडले, आणि १ जानेवारी २०१० पासून ते सूट बंद. साधन आणि पराक्रम यांच्यातली रेघ निसर्गानं आखलेली नसते. माणसं ती आखतात आणि सगळ्यांना तीच लागू करतात. न्याय तो तेवढाच.

आता परत आपल्या पोराकडे. मी त्याला सूट घेऊन घरी बोलावलं. घालून दाखव म्हटलं. विकणाऱ्यानं फोनवर फक्त उंची विचारून माप पाठवलं होतं. छातीचं माप तक्त्याशी ताडून पाहिलं, तर सूट एक माप लहान. बाप म्हणाला, बघा, मी सांगत होतो! मी पोराला विचारलं, हा घालून स्पर्धेआधी किती वेळा पोहलास? म्हणाला, एकदाही नाही. कुठं पोहणार? इथल्या तलावात पाणी गरम, सुटात जीव उकडतो.

मंडळी, उत्तर इथं आहे. चूक कपड्याची नाही, माणसाचीही नाही. दोघांची सांगड बसलेली नव्हती.

म्हणून घेणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आधी स्पर्धेच्या पाण्याचं तापमान आणि तिथला नियम बघा. २०१९ पासून गोव्यात मिरामारला अर्ध्या अंतराची आयर्नमॅन होते. तिथलं पाणी २८ अंशांच्या आसपास, त्यासाठी सुटाचा खर्च कशाला? बाहेरदेशी जाणार असाल तर घ्या, पण पाणबुड्याचा नको, पोहण्याचाच घ्या. उंचीइतकंच छाती आणि वजन महत्त्वाचं. अंगाला चिकटून बसावा, कंबरेच्या खोलगट भागात आणि मानेपाशी पाणी साठायला जागा नको. पण पूर्ण श्वास घेता आला पाहिजे. हात डोक्यावर नेताना खांदा ओढला जात असेल, तर आधी पाय आणि जांघेपासून सूट वर सरकवा. बहुतेक वेळा तिथंच तो कमी चढलेला असतो. नखं लावू नका, फाटतो. मानेला वंगण लावा, नाहीतर सोलून निघते. पाण्यात उतरल्यावर गळ्याशी थोडं पाणी आत घ्या आणि पहिली काही मिनिटं सावकाश पोहा. सगळ्यात महत्त्वाचं, स्पर्धेचा दिवस हा सूट घालण्याचा पहिला दिवस नको. पहाटेच्या गार पाण्यात, थोडा वेळच का होईना, सोबतीला माणूस घेऊन सराव करा. एकट्यानं कधीच नाही.

(श्रोत्यांमधून प्रश्न : सर, पण सूट घालून पोहलं, तर ते पोहणं आपलं म्हणायचं का?)

चांगला प्रश्न. पोरानंही हेच विचारलं. बॉयटनच्या हातात वल्हं होतं. वेटसूट घातला तरी हात आपलेच मारावे लागतात. फक्त जे केलं त्याला तेच नाव द्यावं. सूट घालून केलं तर सूट घालून केलं म्हणावं, वेबच्या शेजारी जाऊन उभं राहू नये. बुद्धांचा तराफ्याचा दृष्टांत तुम्हाला माहीत आहे. पैलतीराला गेल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरायचं नसतं. पण नदी ओलांडायच्या आधीच तो फेकून देणं, हेही शहाणपण नाही.

माझ्या मामानं भोपळा 'विसरला' तो योग्य दिवशी. दोन दिवस आधी विसरला असता, तर आज मी इथं बोलत नसतो.

पोरगा गेल्या आठवड्यापासून पुन्हा तलावावर जायला लागला आहे. बाप काठावर बसतो. सूट अजून घेतलेला नाही. आधी नुसतं पोहतो म्हणाला.